मागच्या सीटला टेकू

सोमवार, ४ मार्च

वन्सं,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकलं असेल तर खुशाल टाका, पण फाडू नका. निदान पहिलं पान वाचा. त्यात घरातलं रडगाणं नाही, मोटारसायकलीचं आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. पत्र मात्र दाराखालून आत आलं की वाकून उचलावंच लागतं. पत्ता मावशींकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नका. त्यांची कवळी टोचत होती, ती मी घासून नीट बसवून दिली, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

तर मुद्दा असा, की आमचा कारखाना हलला. पूर्वी बाजारामागच्या दोन खोल्यांत होता. एका खोलीत प्लास्टरचे साचे, दुसरीत आम्ही बायका मेणात दात लावत बसायचो. घरातून निघालं की चपला गरम व्हायच्या आत पोचायचं. आता मालकांनी नदीपलीकडे, हमरस्त्याला लागून मोठी शेड घेतली आहे. भरपूर उजेड, धूळ ओढून घेणारी यंत्रं, प्रत्येकीला स्वतःचं टेबल. सगळं झकास. फक्त तिथे जायला दोन बस लागतात, आणि दुसरी बस पहिलीसाठी कधी थांबत नाही. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्यात आणि पिळलेल्या फडक्यात फरक एवढाच, की फडक्याला कुणीतरी वाळत घालतं.

त्यात मालकांनी मला पूर्ण कवळ्यांच्या टेबलाची मुख्य केलंय. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं, तेही असं. "झेपत नसेल तर आत्ताच सांगा," म्हणाले. मी म्हटलं, झेपेल. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि विचार करायला लागले की कसं झेपेल.

लग्नाआधी मी मोटारसायकलवरून दवाखान्यांत दात पोचवायचे, आठवतं? हे ऐकून तुम्ही एवढ्या खूश झालात, की मी घरात नवी नवरी असताना स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत. या घरात गाडीतलं कळणारं माणूस एकच, ते तुम्ही. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

मला क्रूझर घ्यायची आहे. माझी उंची तुम्हाला ठाऊक आहे. फळीवरचा डबा काढायला मला स्टूल लागतं. उंच गाडीवर बसले तर सिग्नलला पाय टेकायला शेजाऱ्याचा खांदा मागावा लागेल. आणि स्कूटर हमरस्त्यावर ट्रक शेजारून गेला की अंग चोरते. क्रूझर लांबट, बुटकी, जड. सीट खाली, हँडल आपणहून हातात येणारं. नवी परवडणार नाही, म्हणून वापरलेली.

घरी हे सांगितलं तेव्हा तुमचा भाऊ एका सोफ्याला कापड ठोकत होता. तोंडात खिळे धरून तो "काय?" असं ओरडला. एकही गिळला नाही हे नशीब.

आई आतून म्हणाल्या, "मागे बसायला कशी असते गं ती?"

मी हे पत्र लिहितेय हे दोघांनाही माहीत नाही. आणि त्या दिवसाबद्दल मी काहीही लिहिणार नाही. तुम्ही नवऱ्याचं घर सोडून बॅग घेऊन आलात, आईंनी दारातच "तुझं घर तिकडे" म्हटलं आणि दार लावलं. हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. उगाळून काय उपयोग?

प्रश्न एवढाच, की जुनी गाडी घेताना काय बघायचं? एका ओळीत कळवलंत तरी चालेल.

तुमची,
वहिनी

रविवार, १७ मार्च

वन्सं,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे आत तर पोचलं.

काल पहिली गाडी बघितली. निघताना बघते तर आई कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधत बसलेल्या.

"आई, नुसती बघायलाच जातोय."

"मग मीही बघते. डोळे मलाही आहेत."

गाडीचा मालक व्यायाम शिकवणारा. दंड माझ्या कमरेएवढे. गाडी रुपेरी आणि इतकी घासलेली, की टाकीत बघून मी केस नीट केले. त्याने ती सुरू केली आणि पलीकडच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. तुमचा भाऊ दोन पावलं मागे सरला, ती दोन पावलं त्याने शेवटपर्यंत परत घेतली नाहीत.

मी बसले. पाय टेकले! दोन्ही! पूर्ण! वन्सं, त्या क्षणी मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. पण गल्लीतून एक चक्कर मारली तर गाडी सारखी डावीकडे ओढ घेत होती, एखादा हट्टी माणूस दुकानाकडे ओढतो तशी. उतरून मी मागे जाऊन उकिडवी बसले. पुढचं चाक एकीकडे, मागचं एकीकडे. दिवसभर वरचा जबडा खालच्यावर बसवण्यात ज्याचे डोळे जातात, त्याला हे दिसणारच. या गाडीचा चावा चुकलेला होता.

"पडली होती का कधी?" मी विचारलं.

"छे! कधीच नाही."

आई त्याच्या कोपरावरच्या लांबलचक खुणेकडे बघत होत्या. "मग तुम्हीच एकटे पडला असाल," त्या म्हणाल्या.

तो बिचारा हसला आणि कबूल झाला. चांगला मुलगा होता. आम्हाला सगळ्यांना सरबत पाजलं आणि आईंना गुडघ्याचा एक व्यायाम शिकवला. तो व्यायाम आई आज सकाळपासून दाराच्या कडीला धरून करताहेत.

आणखी एक गोष्ट झाली. निघायच्या आधी आई म्हणाल्या, "थांबा, मी जरा बसून बघते." आणि बसल्या. मागे. उभ्या गाडीवर, पर्स मांडीत घेऊन, सरळ समोर बघत. "पाठीला काही नाही," म्हणाल्या. "लांब जायचं तर पाठीला काहीतरी हवं."

तुमचा भाऊ म्हणाला, "आई, रोज ही एकटी जाणार. तुझ्या पाठीचा संबंध काय?"

आईंच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला लागल्या.

या आठवड्यात मला बसमुळे दोनदा उशीर झाला. मालक बोलले काही नाहीत. नुसतं घड्याळाकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुमची,
वहिनी

शनिवार, ३० मार्च

वन्सं!

कार्ड मिळालं!

"टायरवर तारीख कोरलेली असते, ती बघा. मीटरवर विश्वास ठेवू नका. चेन हाताने हलवून बघा." बास. वर नाव नाही, खाली सही नाही. दुकानदारसुद्धा याहून जास्त मायेने पावती लिहितो. पण मी ते दारातच तीनदा वाचलं आणि घरात शिरताना उंबऱ्याला ठेचकाळले.

आता माझ्या हातून एक गोष्ट झाली ती सांगते. मी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. राहवलंच नाही. तुमचा भाऊ घास तसाच हातात धरून बसला. आई मटार सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षर तसंच आहे का तिचं? बारीक, मुंग्यांसारखं?"

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी हात पुसले, चष्मा आणला, कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "टायरला तारीख असते हे मला माहीत नव्हतं." मग उठून सालं केराच्या डब्यात टाकायला गेल्या. सालं टाकली आणि सोललेले दाणेही टाकले.  रात्रीच्या जेवणात मटार नव्हते.

तुमच्या कार्डाने आम्हाला वाचवलं. दुसरी गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानात होती. काळीभोर, रुंद सीटची. दुकानदार गोड बोलणारा, इतका गोड की त्याचे दात मी आपोआप तपासले. "बाई, एका म्हाताऱ्या गृहस्थांची गाडी. फक्त रविवारी, तीही बाजारापर्यंत. मीटर बघा, अजून पाळण्यातच आहे."

मीटर खरंच पाळण्यात होतं. पण पाय ठेवायच्या रबरावरच्या रेघा झिजून साफ गुळगुळीत झालेल्या. मी टायरपाशी वाकले, तारीख शोधली, ती फारच जुनी. मग चेन हलवली, ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबली.

"हे गृहस्थ," मी म्हटलं, "बाजाराला कुठल्या देशात जायचे?"

दुकानदाराला हसू आवरेना. हिशेबी माणूस होता, पण विनोद कळणारा. आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

परत येताना बसमध्ये आई खिडकीशी होत्या. नदीवरचा पूल आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझा कारखाना याच रस्त्यावर ना?"

"हो. त्या दुकानाच्या बराच पुढे."

"आणि त्याच्याही पुढे गेलं की तिचं गाव लागतं."

मी म्हटलं, "हो, लागतं."

"म्हणजे अर्धी वाट तू रोज जाणारच आहेस," त्या म्हणाल्या, आणि पूल संपेपर्यंत खाली पाण्याकडे बघत राहिल्या.

मागच्या सीटचं कोडं तिथे सुटलं. मी तुम्हाला काही विचारत नाहीये, वन्सं. घडलं ते कळवतेय.

तुमची,
वहिनी

रविवार, १४ एप्रिल

वन्सं,

गाडी घेतली!!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला फक्त उद्गारचिन्हं येतात.

कारखान्याच्या फाटकावर एक चिठ्ठी लावलेली होती: क्रूझर विकणे आहे, वापरलेली, तिच्या खोडी समक्ष सांगेन. खोडी समक्ष सांगणाऱ्या माणसाला भेटायचंच असं मी ठरवलं. पत्ता निघाला गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा. उंच, खणखणीत आवाजाच्या, रबरी बूट घातलेल्या. गोठ्यागोठ्यांतून या गाडीवरून हिंडायच्या. आता औषधं आणि यंत्रं वाढली म्हणून त्यांनी व्हॅन घेतली आहे.

गाडी बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. टाकीला एका बाजूने पोचा.

"हा पोचा कसला?" तुमच्या भावाने संशयाने विचारलं.

"बैल टेकला होता," बाई म्हणाल्या. "बैल बरा झाला. टाकीचं मी काही केलं नाही."

मग एकेक खोड त्यांनी स्वतः दाखवली. थंडीत पटकन सुरू होत नाही, "तिला शिव्या देऊ नका, चोक द्या आणि जरा गाणं म्हणा." डावा इंडिकेटर कधीकधी रुसतो. दुसऱ्या गिअरमध्ये जाताना खट्‌कन आवाज होतो, तो जन्मापासूनचा आहे. मी टायरची तारीख बघितली, नवे होते. चेन हलवली, ताठ. मागे जाऊन उकिडवी बसले, चाकं एका रेषेत. मीटरवर आकडा एवढा मोठा होता की खोटा असणं शक्यच नव्हतं. खोटं बोलणारा माणूस इतकं वाईट खोटं कशाला बोलेल?

"आता फिरवून बघा," बाई म्हणाल्या.

वन्सं, तुम्हाला हे सांगायलाच मी चार दिवस थांबले, म्हणजे नीट लिहिता येईल. पण नीट लिहिता येत नाही. मी बसले, पाय टेकले, क्लच सोडला. मातीच्या रस्त्याने सावकाश गेले, मग हमरस्ता लागला. तिसरा गिअर, चौथा. आवाज ओरडण्याचा नाही, मांजर मांडीवर बसून करतं तसा. शेजारून ट्रक गेला, गाडी जागची हलली नाही. नुसता वारा अंगावरून गेला. आणि मी हेल्मेटच्या आत ओरडायला लागले. काय ओरडत होते ते मलाही माहीत नाही. बहुतेक "अगं बाई" असंच काहीतरी. वळून परत आले तेव्हा माझे गाल ओले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता रुमाल पुढे केला.

एक अडचण होती. आदल्या दिवशीच कुणी गृहस्थ गाडी पसंत करून गेले होते. संध्याकाळी येणार होते. माझा चेहरा पडला. बाईंनी विचारलं, "तुम्हाला कशाला हवी आहे?"

"रोज कामावर जायला. कवळ्या करते मी, तुमच्या इथून पुढच्याच शेडमध्ये."

"त्यांना सुट्टीच्या दिवशी फोटो काढायला हवी आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी आत जाऊन फोन लावला. बाहेर ऐकू येत होतं. "अहो, ती गेली," त्या सांगत होत्या. "हो, हो. कष्टाच्या घरी गेली."

आई मागच्या सीटवर बसून बघत होत्या.  तुमच्या भावाने खिशातून मोजपट्टी काढली आणि आईंच्या कमरेपासून खांद्यापर्यंतचं माप घेतलं.

"हे काय?" मी विचारलं.

"टेकू," तो म्हणाला. "विकतचे टेकू नुसते शोभेचे असतात. आत फोम कसला घालतात देव जाणे."

जो माणूस अजून दोन पावलं लांबूनच गाडीकडे बघतो, तो गेले तीन दिवस दुकान बंद झाल्यावर टेकू शिवतोय. लोखंडी पट्टी वाकवून आणली, तिच्यावर जाड फोम, वर पातळ फोम, मग काळं रेक्झिन. कडेला दुहेरी शिवण. कोपऱ्यात घडी नीट बसेना म्हणून एकदा पूर्ण उसवलं. मी म्हटलं, "एवढं कोण बघतंय?" तर म्हणाला, "ताई बघेल. ती अशा गोष्टी बरोबर बघते."

तुमची,
वहिनी

गुरुवार, २ मे

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. या वेळी खाली सही होती, त्याबद्दल आभार. तुम्ही पोहायला शिकवता हे मावशींनी सांगितलं नव्हतं. वाचून किती बरं वाटलं! तुमच्याच आवाजाला शोभेल असं काम.

आधी गाडीचं. मी एकदा पडले. घाबरू नका, चालत्या गाडीवरून नाही. शेडच्या अंगणात, उभ्या उभ्या. उतारावर चुकीच्या बाजूचा पाय टेकला आणि गाडी सावकाश, अगदी दमाने आडवी झाली, म्हैस पाण्यात बसते तशी. मी शेजारी उभी. सगळ्या बायका खिडकीत. उचलायला गेले तर हलेना. प्लास्टरवाली बाहेर आली आणि म्हणाली, "पाठ लावा हो, हातांनी काय होणार?" मग दोघींनी सीटला पाठ लावली, पायांनी रेटा दिला, आणि गाडी उभी राहिली. टाकीला दुसऱ्या बाजूनेही पोचा आला. आता दोन्हीकडे सारखी दिसते. बैलाने केलेला कुठला आणि मी केलेला कुठला, हे ओळखून दाखवा, असं प्लास्टरवाली आल्यागेल्याला विचारते.

बाकी मात्र सुख आहे. सकाळी पूल ओलांडताना नदीवरचं धुकं पायांशी असतं. कामावर पोचते तेव्हा मी पूर्ण जागी असते. माझ्या टेबलावरच्या कवळ्या आता एका फेरीत पास होतात. मालकांनी घड्याळाकडे बघणं सोडलंय, ते खिडकीतून गाडीकडे बघतात. परवा हळूच विचारलं, "मीही घेऊ का हो अशी?"

आता तुमच्या पत्राचं.

तुम्ही लिहिलंत, "वहिनी, गाडी घेऊन या, मला बघायची आहे. पण एकट्या या." ती शेवटची ओळ मला समजली. तुमच्या जागी मी असते तर कदाचित 'या'सुद्धा लिहिलं नसतं.

पण मी ती लपवू शकले नाही. आईंनी विचारलं, "काय लिहिलंय?" आणि मी सगळं सांगितलं. शेवटच्या ओळीसकट. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. खाली अंगणात गाडी होती आणि तिच्यावर तुमच्या भावाचा टेकू.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघत होते तेव्हा अंगणात आल्या. "मी आत नाही येणार," म्हणाल्या. "तू आत जा, तिला भेट, गप्पा मार. मी बाहेर गाडीवरच बसेन. टेकू आहे. मला काही त्रास नाही. ती जिथे काम करते ती जागा मला बाहेरून बघू दे. एवढं तर चालेल ना तिला?"

तुम्ही ओळखता त्यांना. आयुष्यात कधी कुणाला 'चालेल ना' असं विचारलं नाही त्यांनी.

आम्ही येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतोय. आई बाहेर असतील. त्या आत येणार नाहीत, हा त्यांचा शब्द. तुम्ही बाहेर यावं असं मी म्हणत नाही. नकोच असेल, तर दोन शब्दांचं कार्ड टाका. मी एकटी येईन, आणि आईंना तसं सांगायची हिंमतही करेन.

तुमची,
वहिनी

सोमवार, १३ मे

वन्सं,

कालच भेटलो आणि आज पत्र. पण तुम्हाला अर्धंच माहीत आहे. अर्धं माझ्याकडे आहे, ते पोचवायला हवं.

तुमचं कार्ड आलं नाही, म्हणून आम्ही निघालो. वाटभर आई माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवून बसल्या होत्या, धरून नाही, नुसती टेकवून. माझी शेड आली तेव्हा म्हणाल्या, "ही अर्धी वाट." त्यानंतर बोटांची मूठ झाली. माझा शर्ट अजून तिथे चुरगळलेला आहे.

तलावाच्या कुंपणापाशी गाडी लावली. आई उतरल्या नाहीत. "जा तू," म्हणाल्या. मी आत आले. तुम्ही पाण्याच्या काठावर पाठमोऱ्या उभ्या होतात, गळ्यात शिट्टी, आणि एका लहान मुलीला सांगत होतात, "पाणी तुला धरतंय, तू त्याला धरू नकोस." मी पायरीवर थांबले. मध्येच कसं बोलावणार?

तेवढ्यात बाहेर जे झालं ते तुम्हाला दिसलं नाही, मलाही आईंनी रात्री सांगितलं. आधीचा वर्ग सुटला होता. ओल्या केसांची ती सगळी फौज गाडीभोवती जमली. "आजी, ही तुमची गाडी?" आई म्हणाल्या, "हो." बिनदिक्कत! "तुम्ही चालवता?" "अजून नाही," म्हणाल्या. मग एकेकाला पुढे बसवलं. एकाने विचारलं, "हॉर्न वाजवू?" आणि आईंनी परवानगी दिली. एकाला दिली म्हणजे सगळ्यांना द्यावी लागते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शिट्टी फुंकत, तावातावाने बाहेर आलात. "कोण वाजवतंय? आजी, इथे वर्ग चालू आहे!" हेल्मेटमुळे तुम्ही ओळखलं नाही. मी मागून धावत येत होते. आईंनी हेल्मेट काढायचा प्रयत्न केला. पट्टा सुटेना.  

तुम्ही पुढे होऊन पट्टा सोडलात.

मला वाटलं होतं, आई काही बोलणारच नाहीत. पण त्या बोलल्या, सगळ्या मुलांसमोर, गाडीवर बसूनच. "त्या दिवशी दार लावायला नको होतं मी. तू आत यायला हवी होतीस. ते तुझंच घर होतं."

तुम्ही म्हणालात, "आत वर्ग चालू आहे. पोरं पाण्यात आहेत." आणि वळलात. वन्सं, तुम्ही वळलात तेव्हा मला वाटलं, संपलं. पण कुंपणाच्या दारातून तुम्ही मागे न बघता म्हणालात, "आई, चल ना. काठावर बस. बूट मात्र काढ, आत बूट चालत नाहीत."

आईंनी बूट काढले. ते मला धरायला दिले. आणि कडेला बसून, पाय पाण्यात सोडून, त्या तुमचा सबंध वर्ग बघत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी होते. त्या सारखं पुटपुटत होत्या, ते तुम्हाला ऐकू आलं नसेल. "बघ कशी शिकवते. बघ गं. एकाही पोरावरची नजर काढत नाही."

जेवताना तुम्ही दोघी फार बोलला नाहीत. बोलण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही अवघडही असेल, हे मला कळतं. एका दिवसात सगळं होत नाही. पण तुम्ही टेकूची शिवण बोटाने तपासलीत आणि "दुहेरी घातली आहे" असं म्हणालात, ते मी तुमच्या भावाला सांगितलं. तो ताबडतोब कारण नसताना बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने नाक पुसत आला. आज सकाळी त्याने पहिल्यांदा गाडीला हात लावला. नुसता हात, बसला नाही. तेही होईल.

तुम्ही गॅलरीत उभं राहून हात हलवलात तिथपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे. शेवटी परतीचं सांगते.

गावाबाहेर पडलो आणि आई बोलायला लागल्या. हेल्मेटमधून मला अर्धं ऐकू येत होतं, पण त्यांना ऐकणारं कुणी नकोच होतं. तुमची केस बांधायची पद्धत, तुमच्या खोलीतला उजेड, तुम्ही अजून कपभर चहा अर्धा टाकता ते. पुढे पेट्रोल घ्यायला थांबलो. पंपावरचा माणूस दमलेला, कपाळावर टोपी ओढलेला. त्याने नळी टाकीत घातली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "फुल करू?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात मागून आई त्याला म्हणाल्या, "माझ्या लेकीकडे जाऊन आलो आम्ही."

त्याने टोपी वर केली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बरी आहे का लेक?" त्याने विचारलं.

"अरे, बरी काय विचारतोस!" आई म्हणाल्या. "पोहायला शिकवते. पाण्यात उतरलास तर तुलाही शिकवेल."

तुमची,
वहिनी